चिठ्ठीवरची कोरी ओळ

माझ्या घराच्या पुढच्या खोलीत काचेचे एक लहानसे कपाट आहे. त्यात चांदीची भांडी नाहीत की चिनी मातीच्या बाहुल्या नाहीत. आहेत ते केवळ दगड. घरी प्रथमच आलेला पाहुणा त्या कपाटापाशी थबकतो, वाकून आत पाहतो आणि बहुधा एकच प्रश्न विचारतो, "याची किंमत किती असेल हो?"

हा प्रश्न विचारताना त्याचे बोट नेहमी वरच्या फळीकडे असते. त्या फळीवर वाघोलीचा एक दगड आहे. पांढऱ्याशुभ्र स्फटिकांच्या गादीवर गडद निळ्या रंगाचे इवलेसे गोळे बसलेले, जणू मोरपिसाचे डोळेच कोणी वेचून तेथे ठेवले आहेत. या निळ्या खनिजाचे नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नावांतील आरंभीची अक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे. हे खनिज प्रथम सापडले ते १९६७ साली, अमेरिकेतील ओरेगन राज्यात. परंतु त्याचे जगातील सर्वांत देखणे नमुने दिले ते मात्र आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीतील दगडखाणींनी. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने प्रेमाने आणून दिलेला हा दगड पाहून कोणीही हरखून जावे, यात नवल नाही.

तळच्या फळीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तेथे कोपऱ्यात मधाच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा एक दगड आहे. त्याचा एक कोपरा तुटलेला आहे. त्याच्याखाली वहीच्या कागदाची एक चिठ्ठी आहे. काळाने ती पिवळी पडली आहे. तिच्यावर माझ्या बालपणीच्या वेड्यावाकड्या अक्षरांत पाच ओळी आखलेल्या आहेत. त्यांपैकी चार भरलेल्या आहेत आणि पाचवी कोरी आहे. हा दगड म्हणजे कॅल्साइट. ते जगात ठिकठिकाणी मिळते. त्याला दुर्मीळ कोणीच म्हणणार नाही. तरीही माझ्या लेखी त्या कपाटातील सर्वांत दुर्मीळ वस्तू हीच आहे. असे का, हे सांगण्यासाठी मला पन्नासाहून अधिक वर्षे मागे गेले पाहिजे.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले. त्या भागात पाऊस जणू पाहुण्यासारखा येतो. आला तर आला, नाही तर नाही. गावाबाहेरच्या माळावर एक जुनी दगडखाण होती. कधी काळी सडक बांधण्यासाठी ती उघडली होती. सडक पुरी झाली आणि खाण बंद पडली. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचे, म्हशी डुंबत, आणि तिच्या उभ्या कड्यांवर पारवे घुमत. आम्हां मुलांना तिकडे फिरकण्याची सक्त मनाई होती. "खाणीकडे गेलास तर याद राख," असे घरोघरच्या आया बजावीत. आणि म्हणूनच की काय, त्या खाणीची ओढ आम्हांला अधिकच वाटे.

१९७२ साली महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. विहिरींनी तळ दाखविला. दावणीची जनावरे हाडांचे सापळे होऊन उभी राहिली. लोकांच्या हाताला काम आणि पोटाला घास मिळावा म्हणून सरकारने गावोगावी दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडणे, अशी ती कामे असत. १९७३ च्या मे महिन्यात तर राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. आमच्या माळावरची बंद खाण याच सुमारास पुन्हा जागी झाली. दिवसातून एकदोनदा सुरुंगाचा दणका होई, मोठमोठे धोंडे सुटून खाली येत आणि मग आसपासच्या गावांतून आलेली शेकडो माणसे उन्हात बसून ते फोडीत राहत. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या बाया, कमरेला पंचा बांधलेले म्हातारे, शाळा सोडून आलेली पोरे, सगळ्यांच्या हातोड्यांचा मिळून एकच आवाज माळभर घुमत असे.

माझी आईही त्या कामावर जाई. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. सकाळची शाळा सुटली की तिची भाकरी फडक्यात बांधून मी खाणीवर नेऊन देत असे. परदेशातून आलेल्या लाल मिलोची ती भाकरी घशाखाली उतरता उतरत नसे. पण तिचीही तेव्हा पंचाईत होती. तेथेच, आईच्या शेजारी खडी फोडीत बसलेले आबा मला भेटले.

आबा जन्माचे पाथरवट. पाटे-वरवंटे आणि जाती घडविण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असे आई सांगे. पण दुष्काळात दळायलाच दाणा नाही, तर जाते कोण घेणार? म्हणून ज्या हातांनी जात्याच्या पाळीवर नक्षी कोरली, ते हात आता खडी फोडीत होते. तरीही त्यांची दगड फोडण्याची तऱ्हा इतरांहून निराळी होती. धोंडा पुढ्यात घेतला की ते आधी त्याच्यावर हलकेच हातोडा वाजवून पाहत आणि कान देऊन ऐकत. आवाज खणखणीत आला तर बेधडक घाव घालीत. आवाज बद्द आला तर मात्र हात आखडता घेत.

एके दिवशी असाच एक धोंडा वाजवून ते मला म्हणाले, "लेकरा, ह्यो दगुड पोटुशी हाय बघ."

मी काही न समजून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी धोंडा दोनतीनदा फिरविला, त्याची शीर शोधली आणि एकच नेमका घाव घातला. फणस उकलावा तसा धोंडा उकलला. बाहेरून काळाकुट्ट, खडबडीत, आणि आत? आत टीचभर पोकळी होती आणि तिच्या भिंतींवर फिकट गुलाबी रंगाच्या स्फटिकांचे झुपके उगवले होते. ज्वारीच्या पेंढीला मधोमध आळा बांधल्यावर तिची दोन्ही टोके फुलतात ना, तसा प्रत्येक झुपका दिसत होता. माळावरचे सारे ऊन जणू त्या पोकळीत येऊन बसले होते.

"आबा, हे आत कसं आलं?" मी विचारले.

"देवानं ठिवलं आसंल. आपुन फकस्त दार उघडायचं," असे म्हणून आबांनी त्यातला एक झुपका अलगद सुटा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मुकादमाला या स्फटिकांचे काहीच सोयरसुतक नव्हते. तो खडीचा ढीग मोजी, आणि मापाप्रमाणे मजुरी ठरे. ठिसूळ गारा ढिगात आल्या तर तो उलट खेकसे. त्यामुळे असे कितीतरी स्फटिक हातोड्याखाली चूर झाले आणि कितीतरी रस्त्याखाली गाडले गेले. दोष कोणाचाच नव्हता. पोटात भुकेचा डोंब उसळला असताना डोळ्यांना शोभा कोठून दिसणार? आबांना मात्र ती दिसत होती. ते वेळ मोडून गारा बाजूला काढीत नसत. पण हाती आलेली गार फोडावयाचे मात्र टाळीत.

खाणीच्या पश्चिमेकडच्या कड्यात, माणसाच्या दीड पुरुष उंचीवर, सुरुंगाने एक मोठी पोकळी उघडी पडली होती. तिच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा, नारळाएवढा एक स्फटिक होता. दुपार कलली की त्याच्यातून ऊन आरपार जाई आणि तो आतून दिवा लावल्यासारखा पेटे. मी त्याच्याकडे टक लावून बघत असलेला पाहून आबा एकदा म्हणाले, "तिकडं जायाचं न्हाई. त्येच्या डोईवरची दरड सुटलीया. आन् घाव घातलास तर ती गार सबंध निघायची न्हाई. काही वस्तू बघायच्या आसत्यात लेकरा, घ्यायच्या नसत्यात."

१९७३ चा पावसाळा मनासारखा आला. मृग बरसला आणि काम करणारी माणसे आपापल्या शेतांकडे धावली. दोन दिवसांत खाण रिकामी झाली. आबाही गेले. कोठे गेले, हे मी विचारले नाही. त्या वयात माणूस भेटतो तसाच जातो, असे वाटते. त्याचा पत्ता विचारून ठेवावा, हे सुचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मला त्या मधाळ स्फटिकाने झोप येऊ दिली नाही. खाण बंद, मुकादम नाही, अडविणारे आबाही नाहीत! एका दुपारी घरातला हातोडा सदऱ्याखाली लपवून मी एकटाच खाणीवर गेलो. तळाला हिरवे पाणी साचले होते. पावसाने मुरलेल्या कडेने धोंड्यांवर पाय ठेवीत मी त्या पोकळीपर्यंत चढलो. स्फटिक माझ्या हाताशी होता. मी त्याच्या बुडाशी हातोडा मारला. तो हलला नाही. दुसरा मारला. तिसरा घाव मी सर्व ताकदीनिशी घातला.

एक बारीकसा आवाज झाला. काचेचे भांडे फुटावे तसा. नारळाएवढ्या त्या स्फटिकाचे तुकडे तुकडे होऊन ते खाली पाण्यात टपटप पडले. एकच तुकडा माझ्या डाव्या मुठीत राहिला. आणि त्याच क्षणी डोक्यावर माती सळसळली. कसा कोण जाणे, मी बाजूच्या धोंड्यावर अंग टाकले. मी उभा होतो त्या जागेवरून दाराएवढी एक शिळा घरंगळत गेली आणि पाण्यात कोसळली. पारव्यांचा थवा फडफडत उडाला. पाण्याच्या लाटा बराच वेळ कड्यावर आपटत राहिल्या. ढोपरातून वाहणाऱ्या रक्ताकडे माझे लक्ष नव्हते. 'दरड सुटलीया' हे आबांचे शब्द तेवढे कानांत घुमत होते.

घरी मी कोणालाच काही सांगितले नाही. पण मनातली टोचणी मला स्वस्थ बसू देईना. सुट्टी संपताच तो तुकडा आणि आबांनी दिलेला गुलाबी झुपका घेऊन मी आमच्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो आणि झाला प्रकार सांगून टाकला. सर रागावले. खूप रागावले. "दगड पुन्हा मिळेल, तुझी आई तुला कोठून आणणार होती?" या त्यांच्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि त्यांचा स्वर हळूहळू निवळला.

"तुटलेली बाजू नीट पाहा," ते म्हणाले. "काच फुटली की कड वेडीवाकडी होते. ही बाजू कशी आहे?"

मी पाहिले. ती आरशासारखी सपाट होती. सरांनी तुकड्याचा एक लहानसा कोपरा टेबलावर ठेवून अलगद ठोकला. त्याचे आणखी लहान तुकडे झाले. पण प्रत्येकाचा आकार तोच! जणू कोणी एका बाजूने दाबून कललेली वीट. त्यांतला एक स्वच्छ तुकडा त्यांनी पुस्तकातल्या ओळीवर ठेवला, तर खालची एक ओळ मला दोन दिसू लागली.

मग सरांनी मला फ्रान्समधील एका धर्मगुरूची गोष्ट सांगितली. त्याचे नाव रने झ्यूस्त आवी. तो जन्मला १७४३ साली. असे सांगतात की, एका मित्राकडचे खनिजांचे संग्रह पाहत असता कॅल्साइटचा एक सुरेख स्फटिक त्याच्या हातून निसटला आणि फुटला. दुसरा कोणी असता तर ओशाळून गप्प बसला असता. आवीने मात्र ते तुकडे उचलून न्याहाळले. निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट फोडले तरी आतून तीच कललेली वीट निघते, हे त्याच्या ध्यानी आले. भिंत जशी विटांची, तसा स्फटिक अशा अतिसूक्ष्म, एकसारख्या घटकांच्या रचनेने बनतो, असा विचार त्याने १७८४ साली पुस्तकरूपाने मांडला आणि स्फटिकशास्त्राचा पाया घातला.

"त्याच्याही हातून स्फटिक फुटला आणि तुझ्याही," सर म्हणाले. "त्याचा चुकून फुटला, तुझा हावेने फुटला, हा भेद विसरू नकोस. पण फुटलेल्या वस्तूकडून शिकायचे की नाही, हे अजून तुझ्या हाती आहे."

आबांच्या गुलाबी झुपक्यातली एक कणी सरांनी दिव्याच्या ज्योतीत धरली आणि फुंकनळीने झोत मारला. ती कणी फुगली, बुडबुडल्यासारखी झाली. "हा स्टिल्बाइट," ते म्हणाले. "१७५६ साली स्वीडनमधील क्रोन्स्टेट नावाच्या शास्त्रज्ञाने असा दगड तापविला तेव्हा तोही उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने या गटाला झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड' असे ग्रीक नाव दिले. याच्या पोटात पाणी असते. तापविले की ते वाफ होऊन बाहेर पडते."

हे दगडाच्या पोटात आले कसे, हा आबांना विचारलेला प्रश्न मी सरांनाही विचारला. त्यांनी सांगितलेली हकीकत मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस वाहू लागला. एक थर थंड होई, त्यावर दुसरा येई. थरांवर थर चढून आपले पठार आणि सह्याद्री उभे राहिले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या दगडाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले. भाकरीत जशी पोकळी राहते, तशा दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ खडकांतून पाणी झिरपत राहिले. दगडातील द्रव्ये विरघळवून ते या पोकळ्यांत आणी आणि त्यांतून कणाकणाने स्फटिक वाढत. ना ऊन, ना वारा, ना कोणाची नजर. काळोखात, अतिशय सावकाश, निसर्गाने ते काम केले. आणि मी ते तीन घावांत मोडले!

सरांनी शेवटी वहीचा एक कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. "खाणीतून उचललेला दगड म्हणजे हरवलेले मूल," ते म्हणाले. "त्याचे गाव-घर लिहून ठेवले नाही, तर तो पोरका होतो. मग त्याची शोभा उरते, पण तो कोणाला काही सांगू शकत नाही." त्यांनी पाच ओळी आखून दिल्या. खनिजाचे नाव, ठिकाण, तारीख, कोणत्या खडकात व कशा स्थितीत, आणि शेवटची ओळ: कोणी शोधले.

पहिल्या चार ओळी मी भराभर लिहिल्या. पाचव्या ओळीवर 'मी' असे लिहिणार, तोच माझा हात थांबला. पोकळी सुरुंगाने उघडली होती. गार ओळखली आबांनी. तिला हात लावू नकोस, असेही सांगितले आबांनीच. मी तर ती फक्त फोडली होती! मी सरांना म्हणालो, "इथे आबांचे नाव लिहितो."

"लिही. आबांचे पूर्ण नाव काय?"

मी गप्प राहिलो. मला ते ठाऊक नव्हते.

आईला विचारले, तर ती म्हणाली, "आम्ही सारी त्यांना आबाच म्हणत होतो रे." मुकादमाला गाठले, तर त्याने सांगितले की हजेरीपट केव्हाच तालुक्याला गेले, आणि असते तरी त्या शेकडो अंगठ्यांतून आबांचा अंगठा कसा ओळखणार होता? कोणी म्हणे ते नदीपलीकडचे, कोणी म्हणे शेजारच्या तालुक्यातले. वडिलांबरोबर बाजाराला गेलो की मी पाटे-वरवंटे विकणाऱ्यांच्या पालांपाशी जाऊन चौकशी करीत असे. आबा मला पुन्हा भेटले नाहीत. सहा महिने ज्यांच्याशेजारी बसून मी भाकरी खाल्ली, दगडात पाहावयास ज्यांनी मला शिकविले, त्यांचे नाव विचारण्याचे मला एकदाही सुचले नव्हते.

पुढे शिक्षक झाल्यावर संग्रह वाढत गेला आणि वाचनही वाढले. तेव्हा कळले की ही चूक माझी एकट्याची नव्हे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेमार्ग काढताना डोंगर फोडले गेले, बोगदे खणले गेले, आणि त्यांतून अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारख्या खनिजांचे अप्रतिम नमुने निघाले. त्यांतले काही साता समुद्रांपलीकडील संग्रहालयांत जाऊन विराजमान झाले. त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'बोरघाट' हे नाव आहे. परंतु ज्या हजारो मजुरांनी तो घाट फोडला, ज्यांतील कित्येक पटकीसारख्या रोगांनी तेथेच मेले, त्यांची नावे कोणत्या चिठ्ठीवर शोधावयाची? पाचवी ओळ तेथेही कोरीच आहे.

आणि खाणी तरी कोठे कायम राहतात? पुण्याजवळच्या पाषाण येथील खाणी हिरवट अपोफिलाइटसाठी नावाजलेल्या होत्या. आज त्या परिसरात शहर पसरले आहे. आमच्या माळावरच्या खाणीचेही तेच झाले. काही वर्षांपूर्वी गावी गेलो तो तिच्यात राडारोडा भरणे चालू होते. पुढल्या खेपेला पाहतो तो खाण नाहीच! तेथे सपाट जमीन होती आणि तिच्यावर घरे उठत होती. कडा नाही, पारवे नाहीत, हिरवे पाणी नाही. त्या ठिकाणी कधी काळी दगडांच्या पोटी दिवे लागलेले होते, याची साक्ष देणारी एकच वस्तू मला ठाऊक आहे. ती म्हणजे माझ्या कपाटातल्या तळच्या फळीवरचा कोपरा तुटलेला दगड आणि त्याखालची ती चिठ्ठी.

म्हणूनच पाहुण्यांनी किंमत विचारली की मी त्यांना आधी चिठ्ठी वाचावयास सांगतो. दगड सुंदर असतो तो स्वतःच्या गुणाने. पण त्याला बोलते करते ती चिठ्ठी. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट उद्या दुसऱ्या कोणाला मिळेलही. आमच्या खाणीतले कॅल्साइट मात्र आता कोणालाही मिळणार नाही.

बालमित्रांनो, तुम्हांलाही दगड जमवावेसे वाटले तर अवश्य जमवा. त्यासाठी बंद खाणीत उतरण्याचे मुळीच कारण नाही. सुटलेली दरड आणि साचलेले खोल पाणी यांना लहान-मोठा हा भेद कळत नाही. मी वाचलो ते दैवाने, शहाणपणाने नव्हे. नव्या विहिरीच्या काठावर टाकलेला दगड, रस्त्याकडेचा खडीचा ढीग, नदीच्या पात्रातले गोटे, यांतही निसर्गाची कारागिरी भरपूर आहे. ज्याची जागा असेल त्याला विचारून, वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन तो पाहा. जे सहज हाती येईल तेवढेच घ्या, आणि जे फोडल्यावाचून येणार नाही ते तेथेच राहू द्या. घरी आल्यावर चिठ्ठी लिहावयास विसरू नका. आणि ती लिहिताना विहीर खणणाऱ्या काकांना, खडी फोडणाऱ्या मावशींना त्यांचे नाव जरूर विचारा.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेच्या संग्रहात एक नियम होता. पाचवी ओळ भरल्याखेरीज कोणताही दगड कपाटात ठेवावयाचा नाही. मुले कधी कधी कुरकुर करीत, पण नावे विचारून येत. आज त्या कपाटात दगडांइतकीच माणसांची नावे आहेत.

माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवरची पाचवी ओळ मात्र अजून कोरी आहे. तेथे नुसते 'आबा' असे लिहावे, असे कित्येकदा मनात येते. लेखणी हाती घेतो, आणि परत ठेवतो. ज्यांचे नाव मी विचारले नाही, त्यांची आठवण त्या कोऱ्या ओळीइतकी दुसरे काहीही मला करून देत नाही.